दुर्लक्षित स्थानिक फळे आणि बारा महिन्यांचा आहार

केळे सोलून मधोमध कापले, तर गाभ्यात बारीक काळसर ठिपके दिसतात. जी बीजांडे कधीच बी होऊ शकली नाहीत, त्यांची ती खूण असते. बाजारातील केळ्याला उगवणारे बी नसते. केळीची लागवड मुनव्यांनी (बुंध्यालगत फुटणाऱ्या कोंबांनी) किंवा ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) तयार केलेल्या रोपांनी होते, आणि त्यामुळे एका वाणाची सगळी झाडे म्हणजे एकाच झाडाच्या प्रती असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या व्यापारात ‘ग्रो मिशेल’ नावाचा वाण होता. जमिनीतील एका बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने त्याच्या बागा एकामागून एक उद्ध्वस्त केल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत त्याची जागा ‘कॅव्हेंडिश’ गटातील केळ्यांनी घेतली. आज जगातील केळी उत्पादनाचा सुमारे निम्मा भाग आणि निर्यातीचा जवळजवळ सगळा भाग याच एका गटाचा आहे. त्याच बुरशीचा नवा प्रकार, ज्याला कॅव्हेंडिशही तोंड देऊ शकत नाही, आशियातून पसरत २०१९ साली कोलंबियात पोहोचला.

केळीची ही कहाणी आपल्या एकंदर आहाराची आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाने अन्नासाठी सुमारे ६,००० वनस्पतींची लागवड केली आहे. त्यांपैकी २०० पेक्षाही कमी वनस्पती अन्नपुरवठ्यात लक्षणीय भर घालतात, आणि पिकांच्या एकूण उत्पादनातील ६६ टक्के वाटा अवघ्या नऊ पिकांचा आहे. उरलेल्या हजारो वनस्पती नष्ट झालेल्या नाहीत. त्या बांधावर, परसात, ओढ्याकाठी, जंगलाच्या कडेला उभ्या आहेत, दरवर्षी फळतात, आणि त्यांची बरीचशी फळे खाली पडून तिथेच कुजतात. दुर्लक्षित स्थानिक फळे म्हणतात ती ही.

‘दुर्लक्षित’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण दुर्लक्षित म्हणजे दुर्मिळ नव्हे. आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात गोरखचिंचेची (बाओबाबची) प्रचंड झाडे पिढ्यान्‌पिढ्या माणसांना फळ, पाला आणि सावली देत आली आहेत. तेथील लोकांच्या दृष्टीने ते फळ कधीच दुर्लक्षित नव्हते. दुर्लक्ष झाले ते संशोधनाकडून, बाजाराकडून आणि आकडेवारीकडून. एखाद्या फळाचे निवडलेले वाण नसतात, रोपवाटिकेत रोप मिळत नाही, बाजारात प्रतवारीचे निकष नसतात, आणि सरकारी तक्त्यांत त्याचे उत्पादन ‘इतर फळे’ या एकाच रकान्यात मिसळून जाते. ज्याची मोजदाद होत नाही, त्याच्यासाठी निधीची तरतूद होत नाही, आणि तरतूद नसल्यामुळे मोजदादही होत नाही. याखेरीज एक कारण मानाचे आहे. फुकट मिळणारे, काट्यांत हात घालून वेचावे लागणारे फळ हे गरिबीचे अन्न आणि स्टिकर लावलेले फळ हे संपन्नतेचे, ही समजूत अनेक देशांत रुजली आहे आणि तिने किडीपेक्षाही अधिक झाडे तोडली असतील, असे मला वाटते.

आता आहाराचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, आणि जगातील फार मोठ्या लोकसंख्येच्या आहारात हे प्रमाण गाठले जात नाही. यावर ‘अधिक फळे पिकवा’ असे सहज सुचते, पण केवळ अधिक पिकवल्याने काम भागत नाही. फळ हा नाशवंत माल आहे आणि त्याला हंगाम असतो. एखाद्या प्रदेशात दोन-तीनच फळझाडे मोठ्या प्रमाणावर लावली, तर त्यांच्या हंगामात फळांचा पूर येतो, भाव कोसळतात, माल सडतो. पुढचे कित्येक महिने मात्र त्याच प्रदेशातील घरांत फळ दिसत नाही. वर्षाची सरासरी काढली तर आकडा चांगला दिसतो, पण मुलांचे शरीर वार्षिक सरासरीवर वाढत नाही. विशेषतः क जीवनसत्त्व शरीरात फार काळ साठून राहत नाही, ते नित्य मिळावे लागते.

जागतिक कृषिवनीकरण केंद्राच्या संशोधकांनी केनियात या अडचणीवर एक अगदी साधे साधन तयार केले. त्यांनी गावातील लोकांशी बोलून एक तक्ता मांडला : उभ्या रकान्यांत वर्षाचे बारा महिने, आडव्या ओळींत त्या भागात येणारी फळझाडे, आणि ज्या महिन्यात जे फळ पिकते तेथे खूण. शेवटच्या दोन रकान्यांत त्या फळात अ आणि क ही जीवनसत्त्वे भरपूर आहेत, मध्यम आहेत की नगण्य आहेत याची नोंद. तक्ता भरला की मोकळ्या राहिलेल्या चौकटी आपोआप डोळ्यांत भरतात. कोणत्या महिन्यांत घरात फळच नसते, आणि कोणत्या महिन्यांत फळ असते पण अ जीवनसत्त्व देणारे नसते, हे कुणालाही एका दृष्टिक्षेपात कळते. मग त्या मोकळ्या चौकटी भरणारी झाडे शोधायची. मचाकोस भागासाठी केलेल्या अशा मांडणीत आंबा, पपई, पेरू ही जगभर ठाऊक असलेली फळे आहेत, आणि त्यांच्या जोडीला जांभळाच्या आणि हिंगणबेटाच्या कुळांतील तेथील रानफळेही आहेत. मोठ्या बाजारात रानफळांना फारशी किंमत नसते. तक्त्यात मात्र ती नेमकी तेथे बसतात जेथे आंबा संपलेला असतो.

दुर्लक्षित फळांविषयीच्या लेखनात बहुधा एकेका फळाची आरती केली जाते : अमुक फळात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व, तमुक फळ म्हणजे अमृत. ही भाषा मला घातक वाटते. फळाचे मोल त्याच्या एकट्याच्या गुणांपेक्षा ते कोणत्या महिन्यात, कोणत्या जमिनीत आणि कोणत्या दुसऱ्या फळांच्या सोबतीने येते यावर अधिक ठरते. शिवाय ज्या आकड्यांवर ही आरती उभी असते, ते आकडे स्थिर नसतात. एकाच जातीच्या दोन झाडांच्या फळांत, एकाच झाडाच्या कच्च्या आणि पिकल्या फळांत, ताज्या आणि वाळवलेल्या गरात जीवनसत्त्वांचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे निघते. गोरखचिंचेच्या गराच्या बाबतीत हा फरक वारंवार नोंदवला गेला आहे.

तरीही वाणावाणांतील फरक आहाराच्या दृष्टीने किती महत्त्वाचा असू शकतो, हे पॅसिफिक महासागरातील पोनपेई बेटावरच्या ‘करात’ नावाच्या केळ्यावरून समजते. मायक्रोनेशियातील हे केळे ‘फेई’ गटातले आहे. त्याचा घड खाली न लोंबता आकाशाकडे ताठ उभा राहतो आणि पिकलेल्या फळाचा गर पिवळट-नारिंगी असतो. हा रंग कॅरोटीन घटकांचा, म्हणजे ज्यांपासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते त्या द्रव्यांचा असतो. पांढऱ्या गराच्या नेहमीच्या केळ्यापेक्षा करातमध्ये बीटा-कॅरोटीन कित्येक पटींनी अधिक असते. हे केळे खाल्ल्यावर लघवी गडद पिवळी होते, असे तेथील लोक सांगत असत. त्यात रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वही मुबलक असल्याचे पुढे तपासणीत आढळले. पूर्वी तेथे तान्ह्या मुलांच्या पहिल्या घासांत करात असे. आयात केलेला पांढरा तांदूळ, मैदा आणि साखर यांनी बेटावरच्या जेवणाची जागा व्यापली तसे करात मागे पडले, आणि मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता गंभीर प्रमाणावर दिसू लागली. उपाय म्हणून गोळ्या वाटता येतात आणि त्या तातडीच्या वेळी वाटल्याच पाहिजेत. पण पोनपेईतील कार्यकर्त्यांनी त्याबरोबर स्थानिक केळ्यांची ओळख पुन्हा करून देणारी मोहीम चालवली, भित्तिपत्रके आणि टपाल तिकिटेही काढली, आणि जे केळे मागे पडले होते ते पुन्हा बाजारात विकले जाऊ लागले.

पर्यावरणाच्या बाजूने विचार करताना एक गैरसमज आधी बाजूला केला पाहिजे. स्थानिक फळ म्हणजे कमी वाहतूक आणि कमी वाहतूक म्हणजे कमी प्रदूषण, हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. जहाजाने आणलेल्या फळामागे दर किलोला होणारे उत्सर्जन बऱ्यापैकी कमी असते. विमानाने आणलेल्या नाजूक फळाचे मात्र फार अधिक. जवळच पिकलेले फळ तापवलेल्या हरितगृहातले असेल किंवा महिनोन्‌महिने शीतगृहात ठेवलेले असेल, तर अंतराची बचत विजेत निघून जाते. म्हणून स्थानिक झाडाचा खरा लाभ किलोमीटरमध्ये शोधू नये.

तो लाभ मुळांत आहे. फळझाड बहुवर्षायू असते. दरवर्षी जमीन नांगरावी लागत नाही, मुळे माती धरून ठेवतात, पानगळीने जमिनीत सेंद्रिय भर पडते, फुलोऱ्यावर मधमाश्या आणि इतर कीटक जगतात. त्या हवामानात हजारो वर्षे टिकलेल्या जातीला बाहेरून पाणी आणि खते तुलनेने कमी लागतात. सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातील बोराचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. तेथे पाऊस तुटपुंजा असतो, जमिनीवर कडक पापुद्रा धरतो आणि नेहमीची पिके हमखास हाती लागत नाहीत. तेथील रानबोर मात्र खोल मुळांच्या बळावर तग धरते. या स्थानिक बोरीच्या खुंटावर भारतातील मोठ्या फळांच्या बोरांचे डोळे भरून कलमे केली गेली आणि ‘साहेलचे सफरचंद’ या नावाने ते फळ रुजू लागले. नायजरमध्ये पडीक जमिनीवर अर्धचंद्राकार बांध घालून, त्यांत साठलेल्या पावसाच्या पाण्यावर ही झाडे लावली गेली आणि मधल्या खड्ड्यांत भाज्या घेतल्या गेल्या. मुळे तेथल्या मातीची आणि फळ दुरून आलेल्या वाणाचे असा हा मेळ आहे, त्यामुळे ‘स्थानिक’ या शब्दाचा फार कर्मठ अर्थ लावू नये.

कलमाचा उल्लेख आला, तर तो थोडा उलगडून सांगतो, कारण दुर्लक्षित फळांचे भवितव्य बहुतेक वेळा याच कामावर अवलंबून असते. रानझाडाचे बी लावले, तर त्यातून उगवणारे झाड आईसारखे निघेलच असे नाही. परागकण दुसऱ्या झाडाचा असतो आणि गुणांची फेरमांडणी होते. गोड फळाच्या बियांतून आंबट, तुरट, बारीक फळांची झाडे येतात. त्यातच बीपासून वाढलेल्या अनेक झाडांना फळ धरायला आठ-दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. इतकी वर्षे वाट पाहून शेवटी कोणते फळ हाती येईल याची खात्री नसेल, तर कोणता शेतकरी ते झाड लावेल? कलमाने दोन्ही अडचणी सुटतात. बीपासून वाढवलेला खुंट घ्यायचा, त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, उत्तम फळ देणाऱ्या प्रौढ झाडाची पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत अशी बसवायची की दोन्हींच्या सालीखालचे हिरवे थर एकमेकांना भिडतील, आणि पट्टीने घट्ट बांधायचे. थर जुळून आले की काडी फुटते. ती काडी वयाने प्रौढ असते, म्हणून लवकर फळते, आणि फळ नेमके त्याच निवडलेल्या झाडाचे असते.

आज ज्या फळांना आपण जगाची फळे म्हणतो, त्यांतील काही याच वाटेने आली आहेत आणि तीही फार पूर्वी नव्हे. किवी हे चीनमधील रानवेलीचे फळ. १९०४ साली एका मुख्याध्यापिकेने त्याचे बी न्यूझीलंडला नेले, तेथील रोपवाटिकांतून निवड होत वाण तयार झाले आणि १९५९ मध्ये निर्यातीसाठी त्याला ‘किवी’ हे नाव दिले गेले. ब्लूबेरीची लागवड तर १९११ नंतरची. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे एलिझाबेथ व्हाइट यांनी रानात फळे वेचणाऱ्यांना ठरावीक मापाचे छिद्र असलेली पट्टी दिली आणि ज्या झुडपाची फळे त्या छिद्रातून खाली पडणार नाहीत, अशी झुडपे दाखवणाऱ्यांना मोबदला दिला. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी या झुडपांचा संकर केला, त्यांना आम्लधर्मी जमीन लागते हे दाखवून दिले, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात आले. पाच वर्षांत रानफळ पीक झाले. कॅमेरूनमध्ये १९९० च्या दशकापासून सफू या फळाच्या बाबतीत हेच काम गावकऱ्यांनीच हाती घेतले आहे. सफू हे जांभळट सालीचे, तेलकट गराचे फळ गरम राखेत किंवा पाण्यात मऊ करून मक्याबरोबर खातात. गावकरी आपापल्या शिवारातील उत्तम झाडे हेरतात, त्यांच्या फांद्यांवर गुटी कलमे बांधतात, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फुटू देऊन मग ती वेगळी करतात, आणि गावच्याच रोपवाटिकेतून रोपे विकतात. निवडीचा हक्क आणि उत्पन्न दोन्ही गावात राहते, ही बाब मला वाणाइतकीच महत्त्वाची वाटते.

मात्र फळ प्रसिद्ध झाले म्हणजे ते सुरक्षित झाले असे नाही. पेरू देशाच्या ॲमेझॉन भागात आग्वाहे नावाच्या माडासारख्या उंच झाडाची फळे इकितोस शहरात फार आवडीने खाल्ली जातात. या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. उंच झाडावर चढण्याऐवजी ते तोडून फळांचे घोस काढण्याची पद्धत पडली, आणि फळ फक्त मादी झाडाला येत असल्याने तोडली गेली ती मादी झाडेच. मागे नर झाडांची हिरवीगार राने उरली, जी दुरून जंगलासारखीच दिसतात. दोरखंड आणि चढण्याची साधने देऊन झाड न तोडता फळे उतरवण्याची पद्धत तेथे रुजवावी लागली. ॲमेझॉनच्याच मुखाजवळ असाई या फळाला जगभरातून मागणी आली तेव्हा पूरमैदानातील इतर झाडे काढून केवळ असाई वाढवली जाऊ लागली. म्हणजे विविधतेच्या नावाने सुरू झालेल्या गोष्टीतून पुन्हा एकाच पिकाची शेती उभी राहिली. न्यूझीलंडमध्ये २०१० साली किवीवर जिवाणूजन्य रोग आला तेव्हा सोनेरी किवीच्या ज्या एका वाणावर सर्वांची भिस्त होती, त्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर उपटाव्या लागल्या. केळीची कहाणी किवीने पुन्हा सांगितली.

म्हणून खाण्याची व्यवस्था अशी हवी की मागणी अनेक फळांवर वाटली जाईल, स्थिर राहील आणि जवळची असेल. ब्राझीलने हे शाळांच्या माध्यमातून केले. तेथील २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीचा किमान ३० टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठी राखून ठेवला, आणि २०१६ मध्ये देशातील मूळच्या खाद्य वनस्पतींची अधिकृत यादी जाहीर झाल्यावर अशा फळांची सरकारी खरेदी करणे सोपे झाले. शाळेला वर्षभर काहीतरी लागतेच, त्यामुळे थोड्या प्रमाणात पिकणाऱ्या पुष्कळ फळांनाही तेथे जागा मिळू शकते. निर्यातदाराला हे परवडत नाही. त्याला एकाच मापाचा, एकाच रंगाचा, टनावारी माल हवा असतो.

घरापुरता विचार करायचा तर सुरुवात केनियातल्या त्या तक्त्यापासूनच करावी. आपण राहतो त्या परिसरात कोणती फळे येतात, ती कोणत्या महिन्यात पिकतात आणि आपल्या ताटात कोणत्या चौकटी मोकळ्या आहेत, हे एका कागदावर मांडायला एक संध्याकाळ पुरते. मात्र तो भरण्यासाठी बहुधा घरातील किंवा गावातील सर्वांत वयस्कर माणसाकडे बसावे लागते. अनेक रानफळे आंबट किंवा तुरट असतात. ती ताजी खाववली नाहीत म्हणून नाकारण्याआधी वाळवणे, शिजवणे, गर काढणे, मुरवणे यांपैकी कोणती रीत तेथे चालत आली आहे हे विचारावे, कारण हंगाम लांबवण्याचे कामही याच रीती करतात. गोरखचिंचेचा गर तर झाडावरच कवचाच्या आत कोरडा होतो आणि शीतगृहाशिवाय महिनोन्‌महिने टिकतो. २००८ मध्ये युरोपीय संघाने त्याला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, त्याच्या कितीतरी आधीपासून आफ्रिकेतील घराघरांत तो साठवला जात होता.

आणि फळाबरोबर ते खाण्याचे नियमही शिकून घ्यावेत, विशेषतः रानातले फळ प्रथमच खाताना. मूळचे पश्चिम आफ्रिकेतील आणि आज जमैकाचे राष्ट्रीय फळ असलेले आकी कच्चे असताना विषारी असते. त्यातील हायपोग्लायसिन या द्रव्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि माणूस दगावूही शकतो. तेच फळ पिकल्यावर तेथील लोक न्याहारीला खातात. ते झाडावर आपोआप उकलून आतला पिवळा गर आणि काळ्या चकचकीत बिया दिसू लागेपर्यंत तोडायचे नाही, उकललेल्या फळातूनही बिया आणि गुलाबी पापुद्रा काढून टाकायचा, गर उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचे, हे ज्या घरात आकी शिजते तेथे मुलांना लहानपणीच सांगितले जाते.